अजगर गळ्यात घेऊन लागलेली झोप

ह्यांना झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं ही तिन्ही एकदम गेली. पुढे पाय थोडा परत आला, म्हणजे धरून धरून मोरीपर्यंत जाण्याइतका. हात तसाच राहिला. बोलण्यातले दोन शब्द परत आले, 'हां' आणि 'नको', आणि तेही नेमक्या जागी पडतील याची खात्री नसे. वाढू का म्हटलं तर 'नको' म्हणायचे आणि ताट पुढे ओढायचे. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांचा जन्म कणकवली आगारात गेला. विजयदुर्गची मुक्कामाची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असायची, आणि वाटभर मागच्या बाकावरच्या माणसाशीसुद्धा हे केबिनमधून गप्पा मारत जात. अशा माणसाकडे दोन शब्द उरले.

आमचा मुलगा बोटीवर असतो. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर, आणि घरी आला की सुरुवातीचे काही दिवस बापाकडे बघून बावरलेला. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सकाळी ह्यांना उठवणं, तोंड धुणं, आंघोळ, भरवणं, हातापायांचे व्यायाम, दुपारी कूस बदलणं, आणि या सगळ्याच्या मधेमधे मोरी. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची. माझे हात दिवसभर त्यांच्या अंगावर असत, आणि तरी आम्ही एकमेकांना कधी सहज हात लावला असं मला आठवेनासं झालं होतं. थकले, असं मी कुणाला म्हणत नसे. म्हटलं की लोक सल्ला देतात, आणि तो ऐकून घ्यायलाही अंगात त्राण लागतं.

त्या फेब्रुवारीत नणंद मुंबईहून आली. ही ह्यांची एकुलती बहीण, वयाने पुष्कळच लहान. सासरे लवकर गेले, तेव्हा तिचं शिक्षण आणि लग्न ह्यांनीच केलं. तिचा दादावर फार जीव. झटका आल्यापासून ती दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा घाईघाईत, आणि दोन्ही वेळा दादाचा हात धरून रडून गेली होती. या वेळी ती तिच्या मुलीला घेऊन, त्यांची स्वतःची गाडी घेऊन आली. भाची नुकतीच नोकरीला लागली होती आणि एवढ्या लांबचा पल्ला तिनेच चालवत आणला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भाचीने तिच्या मोबाईलवर एक जागा दाखवली. कसालहून मालवणकडे जाताना, आतल्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुणीतरी प्राण्यांचं छोटं पार्क काढलं होतं. तिथे पिंजऱ्याबाहेरून बघायचं नाही, प्राणी हातात घ्यायचे, मांडीवर घ्यायचे, त्यांना भरवायचं. फोटोत एक पोरगी खांद्यावर मोठा रंगीत पोपट घेऊन हसत होती. नणंदेच्या डोक्यात ते बसलंच. दादाला किती दिवसांत कुणी बाहेर नेलेलं नाही, त्याला बरं वाटेल, मुक्या जनावरांचा सहवास अशा रोग्यांना चांगला असतो म्हणे, असं ती म्हणत राहिली.

मी विरोध केला नाही. माझा हिशोब वेगळा होता. ह्यांना त्या दोघी घेऊन जातील, दुपार तिकडेच होईल, आणि मी दार लावून झोपेन. ओट्यावर भात-आमटी झाकून ठेवायची, जेवायचंसुद्धा नाही, सरळ पडायचं. सकाळपासून मी त्या झोपेचाच विचार करत ह्यांची आंघोळ उरकली, त्यांना पँट-शर्ट घातला, पिशवीत पाण्याची बाटली, औषधं, टॉवेल आणि एक जादा पँट भरली. भाचीने चाकाची खुर्ची घडी करून डिकीत टाकली. आम्ही तिघींनी मिळून ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी दार लावायला गेले तर ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"नको," म्हणाले.

नणंदेने समजावलं, दादा, आम्ही आहोत ना, वैनीला जरा आराम करू दे. पण पदर सुटेना. 'नको' नेमक्या जागी पडलेला तो दुर्मीळ प्रसंग होता. मी घराला कुलूप लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. कुणावर रागावले होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

मी मागून बघत होते. भाची प्रत्येक चढावर गिअर टाकायची आणि त्याआधी ह्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे क्लच नव्हता, पण पाय दाबत होता, सोडत होता. कसालच्या अलीकडे एका वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा हे सीटमध्ये ताठ झाले आणि भाचीने गाडी नीट काढल्यावर सैलावले. तिला म्हणाले, "हां." तेवढ्यावर ती खूश झाली.

पार्क म्हणजे चिऱ्याची कुंपणाची भिंत, आत काजूची बाग, आणि बागेत इकडेतिकडे जाळीच्या खोल्या. कामाचा दिवस असल्याने गर्दी नव्हती. एक कुटुंब निघण्याच्या बेतात होतं, तेवढंच. दारावर एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल, अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात गमबूट. ती आणि तिचा नवरा दोघं मिळून हे चालवत होते. सुरुवातीला ती आमच्याशी एकदम शुद्ध मराठीत बोलली, 'आपण कुठून आलात, प्राण्यांना हात लावण्याआधी हात धुवून घ्या'. नणंदेने कणकवली म्हणताच तिने शुद्ध मराठी ठेवून दिली आणि मालवणीवर आली.

खुर्चीची चाकं तांबड्या खडीत रुतत होती. बाईचा नवरा आला, त्याने काही न विचारता खुर्ची मागच्या बाजूने वळवली आणि उलटी ओढत नेली. उलटी ओढली की रुतत नाही, हे मला एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं. तो चालता चालता सांगत होता. आधी त्यांची पोल्ट्री होती, ती बुडाली. मग सगळ्यांनी शहामृगासारखे ते इमू पाळायला आणले तेव्हा त्यांनीही आणले. पुढे इमूला गिऱ्हाईक मिळेना, लोकांनी आपापले इमू सोडून दिले. ह्याच्या बायकोला ते सोडवेनात. ते बघायला रस्त्यावरचे पर्यटक थांबू लागले, तेव्हा सशांची एक खोली झाली, मग पक्ष्यांची, आणि त्यातून हे पार्क. आता त्या इमूंतले दोनच उरले होते, म्हातारे, पिसं विस्कटलेली.

त्यांना भरवायचं म्हणून त्याने ह्यांच्या डाव्या तळहातावर मक्याचे दाणे ठेवले. हात सपाट ठेवायचा होता, पण ह्यांनी मूठ अर्धी मिटली. इमूने मान वाकडी करून बघितलं आणि दाण्यांबरोबर बोटालाच चोच मारली.

"मेल्या, आवशीक खाव तुज्या," हे म्हणाले.

अगदी स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता, पूर्वीच्या त्याच आवाजात, म्हैस आडवी आली की केबिनमधून येत असे तसं. भाची दचकली. नणंदेने दोन्ही हात तोंडावर नेले. क्षणभर ह्यांना स्वतःलाही कळलं नाही की हे कोण बोललं. मग त्यांनी पुन्हा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं, ओठ हलले, घशातून नुसता आवाज आला. अंगणात आलेला माणूस परत आत जावा आणि दार लागावं, तसं झालं. नणंद त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, दादा, अजून बोल, बोल ना. मी तिला खांद्याला धरून उठवलं. शिव्या अशा कधीतरी येतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या आपोआप येतात, त्यात बोलणं परत येत नाही. पण हे मी तिथे उभं राहून तिला सांगितलं नाही. ह्यांच्या देखत असं सांगता येत नाही.

पुढे ससे झाले, घोरपडीसारखा दिसणारा एक हिरवा परदेशी प्राणी झाला, तो भाचीच्या दंडावर बसून डोळे मिटून राहिला. पोपट मात्र त्या दिवशी कुणाच्या खांद्यावर यायला तयार नव्हता. बाई म्हणाली, "आज तेचो मूड नाय, ऱ्हवांदे," आणि त्याला सोडून दिलं. मला ती तेव्हा आवडली. आमच्याकडे मूड नाही म्हणून कुणाला काही ऱ्हवांदे म्हणता येत नव्हतं.

एका फणसाखाली सिमेंटचं बाकडं होतं. तिथे सावलीत बाईने लाकडी पेटीतून अजगर काढला. आपल्याकडचा नव्हे, बाहेरच्या देशातला, आखूड आणि जाड, काळ्यावर पिवळे डाग. कुणाला घ्यायचा का, तिने विचारलं. भाचीला फोटो हवा होता, पण अंगावर नको होता. नणंद तर दोन पावलं मागेच सरली. मी बाकड्यावर टेकले होते. गाडीतलं बसणं सोडलं तर सकाळपासून पहिल्यांदा बसले होते.

"माका देवा," मी म्हटलं.

का म्हटलं ते सांगता येत नाही. मला सापांची हौस नाही. घरात धामण शिरली की मी शेजाऱ्यांना हाक मारते. पण त्या वेळी भीती वाटायलाही जी थोडी ताकद लागते ती नसावी. बाईने त्याला माझ्या मानेवर ठेवलं आणि त्याचे दोन्ही बाजूचे पदर पुढे सोडले.

"भिया नको. चावणा नाय. तेका फक्त ऊब व्हयी."

तो थंड होता. ओला नव्हता, बुळबुळीत नव्हता. खूप दिवस बंद ठेवलेल्या कपाटातल्या रेशमी साडीसारखा गार आणि जड. मानेच्या मागे, जिथे माझी शीर ह्यांना उचलून उचलून सदा आखडलेली असे, नेमकं तिथे त्याचं वजन आलं. तो सावकाश हलत होता, म्हणजे हलतो आहे एवढंच कळत होतं. त्याला माझ्याकडून काही करून घ्यायचं नव्हतं. पाणी नको, औषध नको, कूस बदलायची नाही. मी नुसती गरम असले की त्याचं काम होत होतं.

ह्यांना घेऊन सगळे पुढच्या खोलीकडे गेले, तिथे पांढरे-तपकिरी गिनीपिग होते. मी उठायला लागले तर नणंद म्हणाली, बस गो वैनी, आम्ही बघतो. बाई मात्र माझ्याजवळच बसून राहिली, कारण अजगर गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकून तिला जाता येत नसे. मग तिने गमबूट काढले, पाय लांब केले आणि ह्यांच्या खुर्चीकडे बघून विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. दुसरं कोण आहे का, तिने विचारलं. नाही म्हटलं. तिने 'अरेरे' म्हटलं नाही, की देव बघतोय असंही म्हटलं नाही. तिने स्वतःचं सांगितलं. जनावरं आल्यापासून नवरा-बायको दोघं मिळून कुठल्याच लग्नाला गेलेली नव्हती. एकाने जायचं, एकाने राहायचं. तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न कुडाळला होतं, अक्षता टाकून ती जेवायला न थांबता परतली, कारण त्या दिवशी शेळी विताना अडली होती.

"जनावरां आपली वाटतत," ती म्हणाली. "पण कधीतरी वाटता, एक दिवस कोणी माजा नावच घेव नये."

"होय," मी म्हटलं.

एवढंच आमचं बोलणं झालं. पुढचं मला आठवत नाही, कारण मला झोप लागली.

जाग आली तेव्हा फणसाची सावली बाकड्यावरून सरकून माझ्या पायाशी ऊन आलं होतं. मी आडवी होते. डोक्याखाली कुणाचा तरी घडी केलेला टॉवेल होता. गळ्यात काही नव्हतं. भाची शेजारी दगडावर मोबाईल घेऊन बसली होती.

मी पहिल्यांदा विचारलं, हे कुठे आहेत.

"तिकडे आहेत. आईने सांगितलंय, मामीला उठवायचं नाही," ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून घाईने पुढे म्हणाली, "सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे असं कुणी आपणहून सांगितलं की माझा त्यावर विश्वास बसत नाही. मी चपला न घालताच निघाले.

गिनीपिगांच्या खोलीला कंबरेएवढी भिंत होती. आत हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या अंगात त्यांचाच शर्ट होता, पण खाली कुणाची तरी निळ्या चौकड्यांची लुंगी. केस ओले, नीट विंचरलेले, भांग उलट्या बाजूला. मांडीवर एक तपकिरी गिनीपिग होता. डाव्या हाताने ते त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत होते. तो पुढे सरकू लागला, तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात उचलला आणि कुंपणासारखा त्याच्यापुढे आडवा ठेवला. गिनीपिग त्या हाताला टेकून बसला. मी तिथेच थांबले. तो हात एवढ्या काळात मी धुतला, चोळला, वाकवला, सरळ केला, उशीवर ठेवला. ह्यांनी स्वतः तो कशासाठी वापरलेला मी पाहिला नव्हता.

नणंद भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तिचा कुर्ता कोपरापर्यंत आणि पुढून सगळा भिजलेला होता. माझी चाहूल लागून तिने वर बघितलं. तिचे डोळे सुजले होते.

काय झालं ते तिने हळूहळू सांगितलं, ह्यांना ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात. हे 'नको, नको' म्हणायला लागले होते. तिला वाटलं, गिनीपिग नको असेल. तिने तो उचलून घेतला. तरी 'नको'. मग वाटलं ऊन लागतंय, खुर्ची सावलीत घेतली. मग पाणी दिलं. शेवटी मोरीला जायचंय हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि नुसती लघवी नव्हे, सगळंच झालं होतं. तिने भाचीला लांब पाठवलं. मला उठवायला येत होती, तर त्या बाईने अडवलं. बाई म्हणाली, ती निजलीहा, तिका निजांदे, तू बहीण मां, चल मी दाखवतंय. मग बाईच्या नवऱ्याने ह्यांना उचलून घराच्या मागच्या न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं, आणि तो बाहेर थांबला. आत या दोघी. पिशवीतली पँट तिने काढली, पण ओल्या अंगावर ती चढवता येईना. मी कशी चढवते ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून लुंगी.

"दादा माका हात लावूक देय नाय होतो," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून रडाक लागलो. लहानपणी माका न्हावक घालणारो तो."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिला कुशीत घ्यावं असंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर आतून एक प्रकारे हलकंही वाटलं, ते तिला दाखवू नये म्हणून मी गिनीपिगांकडे बघत राहिले.

"तू ह्यां सगळां रोज एकटीच करतंस?"

"मग कोण करतलो?"

"माका फोनवर कित्या सांगूक नाय? कधी पण फोन केलंय तर तू म्हणतंस, बरे आसत."

"बरेच आसत ते," मी म्हटलं. "बरां नाय ता माका."

हे तोंडातून कसं निघालं कोण जाणे. मी आधी ठरवलेलं नव्हतं. हे आमच्याकडे वळून बघत होते. त्यांना किती ऐकू गेलं, किती कळलं, मला अजून माहीत नाही. त्यांनी गिनीपिग माझ्याकडे धरला, म्हणजे धरण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "हां."

मी उठून तो घेतला. त्याचं काळीज माझ्या तळव्यात भराभर उडत होतं.

निघताना बाईच्या नवऱ्याने पुन्हा खुर्ची उलटी ओढत गाडीपर्यंत आणून दिली. लुंगी धुऊन पाठवते म्हटलं तर नको म्हणाला. बाई दारात आली नाही, ती मागे कोंबड्यांच्या खोलीत काहीतरी निस्तरत होती. मी तिला शोधत मागे गेले. तिच्या हातात खराटा होता. तिने विचारलं, झोप झाली का. मी हो म्हटलं. मला तिच्याशी आणखी बरंच बोलायचं होतं, पण तिचं काम चालू होतं आणि माझी माणसं गाडीत बसली होती. मी तिच्या दंडाला हात लावला आणि परतले.

परतीच्या वाटेवर नणंद पुढे बसली नाही, माझ्याजवळ मागे बसली. हायवे लागला तेव्हा तिने मुलीला सांगितलं की रविवारी तू एकटीच गाडी घेऊन जा, मी शिमग्यापर्यंत राहते. भाचीने आरशातून आमच्याकडे बघितलं, घरी बाबांचं काय, आजीचं काय, असं दोनतीनदा विचारलं. नणंद म्हणाली, तुम्ही दोघं मिळून करा, कळेल. तिच्या आवाजात रागाची धार होती. तो राग माझ्यावर, दादावर, की स्वतःवर, मी विचारलं नाही. त्या दिवसापुरतं माझं पुष्कळ बोलून झालं होतं.

ती खरंच राहिली. पहिले दिवस फार वाईट गेले. ह्यांना तिचा हात नको असे आणि तिला माझी पद्धत पटत नसे. आंघोळीला ती इतका वेळ लावायची की पाणी गार होऊन जाई. मी दाराबाहेर उभी राहून सांगायची, आधी उजवा हात बाहीत घाल, मग डावा. मग एका सकाळी ती मोरीच्या दाराकडे आली आणि म्हणाली, वैनी, तू हयसून जा. बाजारात जा, खंय पण जा. मी बाहेर पडले आणि रस्त्यावर आल्यावर मला कळेना की कुठे जायचं. शेवटी बाजारपेठेतल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एक दाढ दुखत होती. ते म्हणाले, ही वाचवण्यासारखी राहिली नाही, एवढी दुखत असताना आला का नाहीत. मला त्यांना सांगता येईना की ती दुखते हे मला कुठल्यातरी रात्री, दुसऱ्या कुठल्यातरी कामात, अर्धवट लक्षात यायचं आणि राहून जायचं. दाढ काढल्यावर मी तोंडात कापूस धरून त्यांच्या बाकावर गरजेपेक्षा बरीच जास्त बसले. तिथल्या मुलीला वाटलं मला चक्कर येते आहे.

शिमगा झाल्यावर नणंद गेली. जाण्याआधी तिने जवळच्या वाडीतली एक बाई सकाळच्या आंघोळीसाठी ठरवून दिली. ती काजूचा हंगाम भरात येईपर्यंत आली, मग तिला बागेत बरं काम मिळालं. पुन्हा मी. मग पावसाळ्यात दुसरी मिळाली, ती अजून येते, सोमवार सोडून. नणंद आता तीनचार महिन्यांनी येते, राहते आणि कामाला लागते. हे अजून तिच्यावर चिडतात, पण तिच्यासमोर भिंतीकडे तोंड फिरवत नाहीत. माझा थकवा गेला असं मी म्हणणार नाही. तो जात नाही. सोमवारी सकाळी ह्यांना स्टुलावर बसवताना पाठीतून कळ येते, आणि मी त्यांना म्हणते, जरा थांबा, मला दम घेऊ दे. पूर्वी मी असं म्हणत नसे. ते थांबतात. डाव्या हाताने नळ धरून, साबणाने भरलेल्या अंगाने, मी पुन्हा उभी राहीपर्यंत थांबतात.